कंपाउंडर, कंपाउंड वॉल आणि कोर्टात 'कंपाउंड' झालेला गुन्हा: शब्द एक की दोन?

प्रश्न असा आला आहे. चेक न वटल्याच्या एका खटल्यात दोन्ही बाजूंचं आपसांत मिटलं, पैसे मिळाले आणि कोर्टाच्या इंग्रजी आदेशात ओळ आली की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा 'कंपाउंड' झाला असून आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. विचारणाऱ्यांनी ही ओळ मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपला दिली, तर 'गुन्हा वाढला' असं उत्तर आलं आणि घरात घबराट पसरली. वकिलांनी समजूत घातली, पण शंका राहिलीच. दवाखान्यातला कंपाउंडर, घराभोवतीचं कंपाउंड, बँकेचं कंपाउंड व्याज आणि हा कंपाउंड झालेला गुन्हा, हा सगळा एकच शब्द आहे का? असेल तर अर्थ इतके लांबलांबचे कसे? आणि आपल्या 'कुंपण'शी त्याचं काही नातं आहे का?

आधी घरच्यांसाठी: आदेश चांगला आहे. गुन्हा वाढलेला नाही, मिटलेला आहे. कंपाउंड झाल्याचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेसारखाच धरला जातो.

आता शब्दाकडे येऊ. माझं काम इंग्रजी कायदे, नोटिसा आणि निकाल मराठीत आणण्याचं. या कामात मला सर्वांत जास्त वेळा अडवणारे शब्द मोठे, अवघड लॅटिन शब्द नसतात. ते कोशात एका फटक्यात सापडतात. अडवतात ते असे रोजच्या तोंडचे शब्द, ज्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी आपली खात्री असते. 'कंपाउंड' त्यांतला अगदी वरचा.

इंग्रजीत दिसायला तो एक आहे, पण आहेत दोन. एक लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्लंडात आला. दुसरा बहुधा मलायी भाषेतून, पूर्वेकडच्या वखारींमधून. स्पेलिंग आणि उच्चार एक झाले एवढंच. कंपाउंडर, व्याज आणि गुन्हा पहिल्या घरातले. तुमच्या घराभोवतीचं कंपाउंड दुसऱ्या घरातलं.

पहिलं घर मोठं आहे. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे आणि 'कोम' म्हणजे एकत्र. 'कोम्पोनेरे' म्हणजे एकत्र ठेवणे, रचणे, जुळवणे. जुन्या फ्रेंचमधून हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आलं, तेव्हा त्याच्या शेवटी 'ड' नव्हताच. उच्चार साधारण 'कंपाउन' असा होता. शेवटचा 'ड' पुढे इंग्लंडातल्या बोलणाऱ्यांच्या जिभेने जोडला. आवाज या अर्थाच्या 'साउंड' शब्दाचंही तसंच झालं. तो मुळात फ्रेंच 'सोन', आणि 'ड' नंतर चिकटलेला.

'कोम्पोनेरे'चा पसारा मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये, कारण आपलं 'जुळवणे' बरंचसं तेच काम करतं. छापखान्यात खिळे जुळवतात, कवी यमक जुळवतो, लग्न जुळवतात, आणि भांडणानंतर माणसं जुळवून घेतात. वस्तू एकत्र मांडणं आणि माणसांमधला तंटा मिटवणं ही दोन टोकं एकाच क्रियापदात येतात, त्यात आपल्याला काही चमत्कारिक वाटत नाही. लॅटिनमध्येही हे दोन्ही अर्थ आधीपासून होते. रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांत दोन गुराख्यांच्या गाण्याच्या चढाओढीत पंच म्हणतो की तुमचा एवढा मोठा वाद मिटवणं माझ्या हातचं नाही. तिथे 'मिटवणे'साठी त्याने 'कोम्पोनेरे' हेच क्रियापद वापरलं आहे. म्हणजे तुमच्या आदेशातला अर्थ दोन हजार वर्षं जुना आहे. कोणा इंग्रज वकिलाने तो मुद्दाम अवघड करून ठेवलेला नाही.

कायद्यातला हा अर्थ जरा खोलात जाऊन सांगतो, कारण चुका इथेच होतात आणि त्या महागात पडतात.

फौजदारी गुन्हा हा तत्त्वतः राज्याविरुद्ध असतो. तक्रारदाराला वाटलं म्हणून खटला थांबत नाही. पण मारहाणीचे किरकोळ प्रकार, अतिक्रमण, बदनामी अशा काही गुन्ह्यांत ज्याचं नुकसान झालं त्याला आपसांत मिटवायची मुभा कायदा देतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५९ आहे. त्यात दोन कोष्टकं आहेत. पहिल्यातले गुन्हे कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवता येतात, दुसऱ्यातले परवानगी घेऊनच. प्रत्येक गुन्ह्यासमोर तो कोण मिटवू शकतो हेही लिहिलेलं आहे. या कोष्टकांत जे नाही ते कंपाउंड होत नाही. चेकचा गुन्हा त्या कोष्टकांत नाही, कारण तो वेगळ्या अधिनियमातला आहे. त्यासाठी २००२ च्या दुरुस्तीने १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १४७ घातलं गेलं आणि त्या अधिनियमाखालचा प्रत्येक गुन्हा मिटवता येण्याजोगा झाला. तुमच्या आदेशात हे कलम दिसतं ते त्यामुळे.

तुमची ओळ मी मराठीत अशी लिहीन: 'उभय पक्षांनी कलम १४७ अन्वये अपराध आपसांत मिटवला असल्याने आरोपीस दोषमुक्त ठरवण्यात येत आहे.' बोलण्यात 'तडजोड झाली' म्हटलं तरी चालेल. पण कागदावर एक भेद पाळावा असं मला कळकळीने वाटतं. दिवाणी दाव्यात जी होते ती 'कॉम्प्रमाइज', तिला तडजोड म्हणावं. फौजदारी गुन्ह्यात होतं ते 'कंपाउंडिंग', त्याला 'अपराध मिटवणे' म्हणावं. आणि जे गुन्हे मिटवण्याजोगे नाहीत त्यांत दोन्ही बाजू राजी असल्या, तर उच्च न्यायालयाकडे जाऊन खटला रद्द करून घ्यावा लागतो. ते 'क्वॉशिंग'. त्याचे निकष वेगळे, अधिकार वेगळा. तिन्हींना सरसकट 'तडजोड' म्हटलं की वाचणाऱ्याला आपल्या खटल्याचं नेमकं काय झालं हेच कळत नाही, आणि उद्या पोलीस पडताळणीच्या वेळी त्याच्याकडे सांगायला शब्द नसतो.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मात्र याच शब्दाला काळी बाजू होती. मोठा गुन्हा घडल्याचं ठाऊक असताना काही घेऊन गप्प बसणं, फिर्याद न करणं, हा स्वतंत्र गुन्हा होता आणि त्याचं नाव 'फेलनी कंपाउंड करणे'. १९६७ च्या फौजदारी कायद्याने इंग्लंडात 'फेलनी' हा वर्गच काढून टाकला, पण तोवर वाक्प्रयोग लोकांच्या तोंडी रुळला होता. आपल्या जुन्या दंड संहितेत कलम २१३ आणि २१४ होती, गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी काही घेणं किंवा देणं याबद्दलची. त्यांना जोडूनच अपवाद होता की जो गुन्हा कायदेशीरपणे कंपाउंड करता येतो त्याला ही कलमं लागू नाहीत. मिटवणं कुठे चालतं आणि कुठे तोच गुन्हा ठरतो, ही रेघ त्या एका अपवादात दिसते.

याच वाक्प्रयोगातून 'वाढवणे, चिघळवणे' हा अर्थ बळावला. कायदा न जाणणाऱ्यांनी 'फेलनी कंपाउंड केली' हे ऐकलं आणि समजून घेतलं की गुन्हा आणखी गंभीर केला. व्याजाच्या कंपाउंडमध्ये वाढ होतेच, तिचीही मदत झाली. आज इंग्रजी बातम्यांत 'पावसाने अडचणी कंपाउंड केल्या' असं येतं तेव्हा अर्थ 'भर घातली' असाच असतो आणि तो आता शिष्टसंमत आहे. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये एक पात्र म्हणतं, आपण हे भांडण कंपाउंड करू. त्याला म्हणायचं आहे, मिटवू. आजचा वाचक तेच वाक्य नेमकं उलट वाचेल. तुमच्या ॲपनेही तेच केलं. बातम्यांतला अर्थ उचलून न्यायालयाच्या आदेशाला लावला.

'मिटवणे' या अर्थाची ही शाखा आपल्या रोजच्या व्यवहारात आणखी कुठे कुठे आहे ते पाहिलं की शब्द पक्का बसतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०० खाली काही गुन्हे जागच्या जागी रक्कम भरून मिटवता येतात. वाहतूक पोलिसांच्या चलनावरचं 'तडजोड शुल्क' ते हेच. कोर्टात जाऊन भरायचा दंड निराळा, हे निराळं. धंदा बुडालेला माणूस पूर्वी धनकोंशी 'कंपाउंड' करायचा, म्हणजे रुपयामागे अमुक आणे घ्या आणि खातं मिटवा. आणि जीएसटीतली कंपोझिशन स्कीम! दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला दुकानदार प्रत्येक विक्रीवर कर लावून हिशेब ठेवण्याऐवजी उलाढालीवर १ टक्का देऊन मोकळा होतो, खानावळवाला ५ टक्के. ग्राहकाकडून तो कर घेऊ शकत नाही आणि तसं त्याला बिलावर लिहावं लागतं. 'कंपोझिशन' म्हणजे इथे रचना नव्हे, निबंध तर नव्हेच. सरकारशी ठोक रकमेत मिटवणं, हा अर्थ. मराठी माहितीपत्रकात मी तिला 'रचना योजना' म्हटलेलं पाहिलं आहे. वाचून दुकानदाराला काय बोध होणार? 'आपसमेळ' हा शब्द चांगला आहे, पण 'कंपोझिशन' तसाच देवनागरीत ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. दुकानदार आणि त्याचा सीए तोच बोलतात.

घरात आणखी माणसं आहेत, त्यांची नावं नुसती घेतो. छापखान्यातला कंपोझिटर, यंत्राचे कॉम्पोनंट, आणि 'कंपोस्ट' खत. कंपोस्ट म्हणजे 'एकत्र रचलेलं', काडीकचरा आणि शेण यांचे थर. आणि त्याला शास्त्रीय शिस्त लागली ती आपल्या शेजारी, इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संस्थेत शेतकऱ्यांच्या पद्धती पाहून, मोजून जी रीत बसवली तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात.

आता कंपाउंडर. हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला आणि आपल्याकडे त्याला जे आयुष्य मिळालं ते तिकडे मिळालं नाही. लाकडी खिडकीमागे उभा असलेला, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध 'करून' देणारा माणूस. बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी डकवलेली, तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. गावात त्याचा मान डॉक्टरखालोखाल. 'कंपाउंड करणे' म्हणजे त्याच्या बाबतीत औषधद्रव्यं ठरलेल्या मापात एकत्र करणे. १९४८ च्या फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये हे क्रियापद शब्दशः आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध कंपाउंड करणं, तयार करणं, मिसळणं वा देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतरांना मनाई आहे. औषधं कारखान्यातून पट्टीबंद येऊ लागली तसं मिसळण्याचं काम संपलं. तरी खेड्यापाड्यांत डॉक्टरांच्या हाताखालच्या माणसाला अजून कंपाउंडर म्हणतात, मग तो फक्त केसपेपर काढत का असेना.

इथे शाळेतल्या मुलांचा एक रास्त गोंधळ होतो. रसायनशास्त्रात 'कंपाउंड' म्हणजे संयुग आणि 'मिक्श्चर' म्हणजे मिश्रण, दोन्ही अगदी वेगळी. मीठ हे संयुग, त्यातले सोडियम आणि क्लोरीन ठरावीक प्रमाणात बांधलेले, हाताने सुटे होत नाहीत. मग कंपाउंडर जे करून देतो त्याला मिक्श्चर का म्हणतात? कारण औषधवाल्यांचा शब्द रसायनवाल्यांपेक्षा जुना आहे. युरोपातल्या जुन्या औषधविक्यांकडे एकेकट्या वनस्पतीच्या औषधाला 'सिंपल' म्हणत आणि अनेक मिळून केलेल्याला 'कंपाउंड'. मिश्रण आणि संयुग ही काटेकोर फारकत खूप नंतरची. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त याने स्थिर प्रमाणाचा नियम मांडला, तिथून ती पक्की होत गेली. बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं लिहिलेलं असायचं, ते आतलं औषध तळाशी बसतं म्हणून. संयुग असतं तर हलवायची गरज नव्हती.

या 'सिंपल'मुळे एक चांगली खूण हाती लागते, आणि मी नवीन अनुवादकांना ती आवर्जून देतो. ज्या 'कंपाउंड'च्या समोर 'सिंपल' उभा राहतो तिथे अर्थ 'अनेक मिळून एक' असाच असतो. साधं पान आणि चिंचेचं संयुक्त पान. केवल वाक्य आणि संयुक्त वाक्य. एका भिंगाचं सूक्ष्मदर्शक आणि अनेक भिंगांचं. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज. हाडाच्या बाबतीत मात्र सांभाळा. कंपाउंड फ्रॅक्चर म्हणजे हाडाचे अनेक तुकडे, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे आणि ती चुकीची आहे. मोडलेल्या हाडाबरोबर कातडीला जखम होऊन हाडाचा बाहेरच्या हवेशी संबंध आला, की ते कंपाउंड. इथे एकत्र आलेल्या गोष्टी दोन, मोड आणि जखम. जंतुसंसर्गाचा धोका म्हणून त्याचं महत्त्व. डॉक्टर आता त्याला 'ओपन फ्रॅक्चर' म्हणतात ते बरंच झालं. हाडाचा चुरा होतो त्याला वेगळा शब्द आहे, 'कॉमिन्यूटेड'. विम्याच्या कागदांत ही अदलाबदल झाली तर दावा अडकतो.

व्याजाबद्दल फार सांगायला नको. मुद्दल आणि साठलेलं व्याज एकत्र ठेवून त्यावर पुन्हा व्याज. एक लाखावर १२ टक्क्यांनी ५ वर्षांचं सरळ व्याज ६०,००० रुपये, वर्षागणिक चक्रवाढीने ७६,२३४. फक्त एवढं नोंदवतो की 'चक्रवाढ' हे इंग्रजीचं भाषांतर नाही. स्मृतिग्रंथांत 'चक्रवृद्धि' आहेच. आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी हिंदू ऋणकोंना लावला होता.

आता दुसरं घर, म्हणजे घराभोवतीचं.

'कंपाउंड' या अर्थाची फार जुनी इंग्रजी नोंद १६७९ ची आहे, आणि ती इंग्लंडातली नाही. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातून कंपनीचे अधिकारी आंध्र किनाऱ्यावर फेरीला निघाले होते. मदपोल्लमजवळच्या पालकोल्लूला त्यांनी डच लोकांची वखार पाहिली आणि लिहून ठेवलं की डचांचं इथे मोठं कंपाउंड आहे, त्यात ते निळं कापड रंगवतात, त्या कामासाठी तीनशेहून जास्त रांजण जमिनीत पुरलेले आहेत. ही नोंद युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. तीन गोष्टी ती एकदम सांगते. एक, शब्द वखारीच्या संदर्भात येतो. दोन, वखार डचांची आहे, म्हणजे बटावियाशी, आजच्या जाकार्ताशी, रोजचा संबंध असलेल्या लोकांची. तीन, कंपाउंड म्हणजे इथे भिंत नाही, जागा आहे. तीनशे रांजण पुरायचे तर जागाच लागते.

मलायीत 'कांपोंग' म्हणजे वाडी, वस्ती, घरांचा पुंजका. जाकार्तात कांपुंग मेलायू, कांपुंग बाली ही ठिकाणं आजही आहेत. सिंगापुरात कांपोंग ग्लाम, क्वालालंपुरात कांपुंग बारू. तिकडच्या बंदरात एकेका जमातीची वस्ती म्हणजे एक कांपोंग, आणि युरोपीय व्यापाऱ्यांची वखारही तशीच एक आवारबंद वस्ती. इंग्रज कंपनीची जावा बेटातल्या बांतामची वखार १६०२ पासून १६८२ पर्यंत चालली. सुरत, मछलीपट्टणम, मद्रास आणि बांताम यांच्यामध्ये माल फिरायचा, कारकून फिरायचे, आणि त्यांच्याबरोबर शब्दही. 'कांपोंग' इंग्रजी कानाला अनोळखी, 'कंपाउंड' ओळखीचा. त्यामुळे नवा शब्द जुन्या स्पेलिंगमध्ये जाऊन बसला. पोर्तुगीज 'कांपो'तून तो आला असावा असं मत मांडणारेही होऊन गेले. 'कांपो' हा लॅटिन 'कांपुस'चा वंशज, म्हणजे आपल्या पुण्यातल्या 'कॅम्प'चा आणि कॉलेजच्या 'कॅम्पस'चा भाऊबंद. पण युल-बर्नेल यांनी कौल मलायीकडे दिला आणि आजचे बहुतेक कोशही तिकडेच झुकतात. मला तो कौल पटतो, मुख्यतः पालकोल्लूसारख्या नोंदींमुळे.

मग 'कुंपण'? हा प्रश्न मला नेहमी येतो आणि विचारणाऱ्याचं मन मोडायला मला आवडत नाही. उच्चार जवळचा आहे, अर्थही जवळचा. पण उच्चाराच्या जवळिकीवर व्युत्पत्ती ठरत नाही. शब्द मराठीतून गेला असता तर त्याच्या जुन्या खुणा सुरत, राजापूर, मुंबई या पट्ट्यातल्या कंपनीच्या कागदांत मिळायला हव्या होत्या. राजापूरला इंग्रजांची वखार होतीच. पण आपल्या हातातली जुनी नोंद पूर्व किनाऱ्याची आणि डच वखारीची आहे. शिवाय कुंपण म्हणजे कडेची काट्याकुट्यांची वा तारेची रेघ, आतली जागा नव्हे. आतल्या जागेला आपण आवार म्हणतो, परसू म्हणतो. जुन्या इंग्रजी नोंदीतला कंपाउंड म्हणजे आवार.

नातं दुसऱ्या बाजूने असावं असा माझा अंदाज आहे, आणि तो मला जास्त रंजक वाटतो. इंग्रजीत आजही कंपाउंड म्हणजे भिंतीच्या आतली जागा, इमारतींसकट. मराठीत मात्र कंपाउंड म्हणजे ती भिंतच. 'शेताला तारेचं कंपाउंड घातलं', 'कंपाउंडावरून उडी मारली', 'कंपाउंड पडलं'. 'कंपाउंड वॉल'मधली 'वॉल' गळून गेली हे एक कारण. पण क्रियापद बघा, आपण कंपाउंड 'घालतो', जसं कुंपण घालतो. आलेल्या परक्या शब्दाला घरच्या सारख्या आवाजाच्या शब्दाने आपल्या अर्थाकडे ओढून घेतलं असणार. कोकणात गडगा आणि वई हे शब्द अजून टिकून आहेत, पण जांभ्याचा गडगा पाडून सिमेंटची भिंत बांधली की तिला गडगा कोणी म्हणत नाही, तिला कंपाउंडच म्हणतात.

जुना अर्थ मराठी मुलखात अजिबात उरला नाही असं नाही. मुंबईच्या पत्त्यांत तो शाबूत आहे. लोअर परळचं कमला मिल कंपाउंड, मथुरादास मिल कंपाउंड. इथे कंपाउंड म्हणजे गिरणीचं सगळं आवार, आत शेड, चिमणी, गोदाम, रस्ता. वखारीच्या कंपाउंडची ही थेट वारस. आणि 'गोदाम'ही त्याच प्रवासातलं आहे. इंग्रजी 'गोडाऊन' मलायी 'गुदांग'वरून आला, आणि त्या मलायी शब्दाचं मूळ पुन्हा आपल्या दक्षिणेतल्या भाषांत शोधलं जातं. पूर्वेच्या समुद्रावरून शब्द दोन्ही दिशांनी गेले-आले.

दक्षिण आफ्रिकेत या शब्दाच्या वाट्याला फार कठोर आयुष्य आलं. किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणींत १८८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदिस्त कंपाउंड उभी राहिली. हिरे चोरीला जाऊ नयेत म्हणून काळ्या मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत आतच ठेवायचं. पुढे सोन्याच्या खाणींनीही मजुरांना कंपाउंडात ठेवण्याची ही पद्धत उचलली. तिथल्या लिखाणात 'कंपाउंड' वाचताना आपली बागबगीचावाली बंगल्याची कल्पना बाजूला ठेवावी लागते. तिथे 'मजुरांचा कोंडवाडा' हेच मराठी खरं.

कोंडवाडा म्हटल्यावर 'पाउंड' आठवतो, आणि कंपाउंडमध्ये तो लपलेला आहे का असंही विचारलं जातं. नाही. पण 'पाउंड' स्वतःच तीन वेगळे शब्द आहेत. वजनाचा आणि चलनाचा पाउंड लॅटिन 'पोंदो'पासून. कुटणे या अर्थाचा जुन्या इंग्रजीतल्या वेगळ्याच क्रियापदापासून. आणि जनावरं कोंडायचा पाउंड हा तिसरा. तळ्याचा 'पाँड' हे त्याचंच दुसरं रूप, पाणी कोंडलेलं म्हणून. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमण अधिनियमात कोंडवाड्यासाठी हाच 'पाउंड' आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३३ खाली कमी मुद्रांकाचा दस्त 'इम्पाउंड' होतो, तोही त्यातलाच. दस्त अटकावून ठेवला, एवढाच अर्थ.

शेवटी एक कागद, जिथे दोन्ही घरं समोरासमोर येतात. महाराष्ट्रात २०१७ मध्ये प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम ५२अ घालून काही अनधिकृत बांधकामं शुल्क भरून 'कंपाउंडेड स्ट्रक्चर' म्हणून जाहीर करण्याची सोय केली गेली. सरकारी मराठीत त्यांना 'प्रशमित संरचना' म्हणतात आणि शुल्काला 'प्रशमन शुल्क'. शब्द जड आहे, पण चुकीचा नाही. प्रशमन म्हणजे शांत करणं, मिटवणं. नियमभंग मिटवला, तो नव्हताच असं कोणी म्हणत नाही. आता समजा, एखाद्या सोसायटीला इंग्रजी नोटीस आली की तुमची कंपाउंड वॉल विनापरवाना आहे, ती कंपाउंड करून घेता येईल. एका वाक्यात दोन कंपाउंड. पहिला बांतामच्या बाजूचा, दुसरा व्हर्जिलच्या बाजूचा. मी ते असं लिहीन: 'आवाराची भिंत परवानगीशिवाय बांधलेली आहे. प्रशमन शुल्क भरून हा नियमभंग मिटवता येईल.' आणि 'नियमित करता येईल' असं मात्र लिहिणार नाही, कारण 'रेग्युलराइझ' करणं ही वेगळी प्रक्रिया आहे, वेगळ्या परवानगीची. नोटिशीत कुठला शब्द आहे ते आधी पाहावं आणि त्याप्रमाणेच महापालिकेकडे अर्ज करावा.